सहा जणांची टीम, पाच किलोमीटर चिखल आणि मालव्याची काळी माती

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या सहा जणांनी ऑगस्टमध्ये होणाऱ्या चिखलातल्या अडथळ्यांच्या शर्यतीत टीम म्हणून नावं दिली आहेत. अंतर ५ किलोमीटर, अडथळे १६, जागा महूकडच्या शेतजमिनीवर. चार पुरुष, दोन बायका, वयं २४ ते ५१. दोघं नियमित जिमला जातात, बाकीचे सकाळी फिरायला. एकाचं वजन ९२ किलो, एकीला पोहता येत नाही. हातात आठ आठवडे आहेत. बूट कोणते, भिंत कशी चढायची, सराव काय करायचा, आणि शेवटचा प्रश्न, "५१ वर्षांच्या काकांना जमेल का?"

काकांना जमेल. अडचण झालीच तर ती जिमवाल्या दोघांचीच होण्याची शक्यता जास्त. पहिल्या किलोमीटरला ते दोनशे मीटर पुढे जातात, भिंतीपाशी पोचून बाकीच्यांची वाट बघत थंड पडतात, आणि मागचे चौघं त्यांना गाठायच्या नादात धापा टाकत येतात. टीमची वेळ बहुतेक ठिकाणी शेवटचा माणूस रेषा ओलांडतो तेव्हा थांबते. तो शेवटचा माणूस कुठे अडकणार हे आपल्याकडे दंडातल्या ताकदीपेक्षा माती ठरवते. म्हणून मातीपासूनच सुरुवात.

त्याआधी एक काम: नियमांचा कागद नीट वाचा. या शर्यतींची साधारण दोन घराणी आहेत. एक २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टफ मडरचं. त्यात मुळात घड्याळच नव्हतं, एकमेकांना ओढून नेणं हाच खेळ. दुसरं त्याच वर्षी आलेल्या स्पार्टनचं. तिथे वेळ मोजतात आणि अडथळा चुकला की दंड भरावा लागतो. त्यांच्या ३० बर्पी (खाली बसून, जमिनीवर आडवं होऊन, उठून उडी मारायची, तो व्यायाम) त्यामुळेच प्रसिद्ध झाल्या. तुमची शर्यत कुठल्या घराण्याची, टीमच्या बाहेरच्या माणसाची मदत चालते का, अडथळा टाळला तर काय, एवढं आयोजकांना विचारून घ्या. बाकीचं सगळं त्यावर बेतायचं.

आता माती. परदेशी व्हिडिओंत दिसतो तो वाळूमिश्रित चिखल. पाय टाकला, काढला, पुढे. मालव्याची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पाणी तिच्यातून सहज निथळत नाही. तिची तीन रूपं ओळखा. भर पावसात ती रबडीसारखी पातळ असते, घसरवते पण चिकटत नाही. पाऊस थांबून एखाद दिवस उलटला की मळलेल्या कणकेसारखी होते, आणि हे सगळ्यांत वाईट रूप. दर पावलाला एक थर, दहा पावलांत बुटाखाली पाव-अर्धा किलोचा गोळा. तिसरं रूप वाळलेलं, वर खपली आणि आत ओल. तिथे घोटे मुरगळतात, कारण खपली वजन पेलेल असं वाटतं आणि ती पेलत नाही. "डग-डग रोटी, पग-पग नीर" अशी या भागाची ख्याती आहे. शर्यतीच्या दिवशी रोटीचं माहीत नाही, नीर मात्र पग-पग भेटेल.

कणकेसारख्या मातीत धावू नका. लहान पावलं, पाय सपाट टाकायचा, आणि दर पन्नासेक पावलांनी बूट गवतावर किंवा दगडाच्या कडेवर घासायचा. बुटाच्या बाजूनं एक लाथ हवेत झटकली तरी निम्मा गोळा उडतो, फक्त मागे कोण आहे ते बघून. रस्त्याच्या मधोमध सगळ्यांनी तुडवलेला भाग सोडून कडेच्या गवतावरून गेलात तर थोडं लांब पडेल, पण वेळ वाचेल. मार्गाच्या फितीबाहेर मात्र जायचं नाही. पावसाळ्यात गवताखाली विहिरीचा कठडा, तार, साप, काहीही असू शकतं.

गुडघाभर चिखलात पाय रुतला की माणूस नैसर्गिकपणे सरळ वर ओढतो. तिथेच चुकतं. पायाखाली पोकळी तयार होते, ती पाय परत खाली खेचते. शेवटी पाय येतो आणि बूट आतच राहतो. करायचं असं: थांबा. वजन दुसऱ्या पायावर किंवा मागे टाका. रुतलेल्या पायाची बोटं आणि टाच आळीपाळीनं हलवा, घोटा गोल फिरवा, म्हणजे कडेनं पाणी किंवा हवा आत शिरते. मग टाच आधी उचलून पाय मागच्या बाजूनं तिरपा काढा. दोन्ही पाय रुतले असतील तर पुढे वाकून कोपरापर्यंतचे हात चिखलावर पसरा आणि रांगत निघा. दिसायला वाईट, पण सगळ्यांत जलद. सोबत्यानं मदत करायची तर मनगट धरून हिसका मारायचा नाही, खांदा निखळतो. काखेखाली हात घालून हळूहळू, रुतलेला माणूस घोटा फिरवत असतानाच उचलायचं.

बुटांवर प्रश्नात बराच भर आहे, पण उत्तर लहान आहे. ट्रेल रनिंगचे म्हणजे कच्च्या पायवाटांवर धावायचे, जाळीदार कापडाचे, पाणी लगेच बाहेर टाकणारे बूट. तळाचे दात ५-६ मिलिमीटर उंच आणि एकमेकांपासून लांब असावेत. दाट दातांत काळी माती बसली की तळ गुळगुळीत होतो आणि मग साध्या बुटात आणि त्यात फरक उरत नाही. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका, आत गेलेलं पाणी ते बाहेर सोडत नाहीत. चामड्याचे तर नकोच. नवे बूट असतील तर निदान तीन वेळा ओले करून त्यात धावून बघा. कोरडा बूट आणि ओला बूट पायाला वेगवेगळे लागतात. लेस शेवटच्या जादा भोकातून फास करून घ्या म्हणजे टाच हलणार नाही, दुहेरी गाठ मारा आणि टोकं लेसखाली खोचा. मोजे पातळ, सिंथेटिक. सुती मोजा आणि सुती टीशर्ट, दोन्ही घरी. ओला सुती टीशर्ट अंगाला ओझं होतो आणि काटेरी तारेखाली सरपटताना नेमका तोच अडकतो. हातमोजे बहुतेकांना उपयोगाचे वाटतात, पण ओले झाले की दांड्यावरून घसरतात. नका घेऊ.

अंगठ्या काढा. ही सूचना सगळे हसण्यावारी नेतात. भिंतीवरून किंवा दांड्यावरून सुटताना अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. हातातलं कडं, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, मनगटाचा जाड गोफ, सगळं घरी ठेवून या. मंगळसूत्र उतरवायचं नसेल तर निदान छोटं, घट्ट टीशर्टच्या आत आणि टेपनं चिकटवलेलं. नखं आदल्या दिवशी कापा. चष्मा असेल तर मागून दोरी. कॉन्टॅक्ट लेन्स नको. चिखलाचं पाणी लेन्सखाली गेलं तर डोळ्याला संसर्ग होऊ शकतो.

आता भिंत, कारण सहा जणांची टीम तिथेच तुटते किंवा जुळते. सरळ उभी ८ फुटी भिंत धरू. बोटं गुंफून त्यावर पाय घेण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण चिखलाच्या हातांनी ती गुंफण सुटते आणि वरचा माणूस तोंडावर येतो. त्यापेक्षा शिडी करा. खालच्यानं पाठ भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्यासारखं अर्धं बसायचं. चढणाऱ्यानं पाय मांडीवर ठेवायचा, तोही कंबरेजवळ. गुडघ्याजवळ ठेवला तर खालच्याचा गुडघा वाकडा होतो. मग दुसरा पाय खांद्यावर, मानेपासून लांब. आता हात भिंतीच्या वर पोचतात आणि ओढायचं फारसं उरतच नाही.

क्रम असा ठेवा. जिमवाल्यांपैकी हलका पहिला वर जातो आणि भिंतीवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय इकडे एक तिकडे. दुसरी हलक्यांपैकी कुणीतरी. ती वर थांबत नाही, पलीकडे उतरून लगेच कडेला होते. तिसरे ९२ किलोवाले. लोक त्यांना शेवटी ठेवतात, "आधी बाकीचे होऊ देत" म्हणून. शेवटी खाली कुणीच उरत नाही आणि वरून ९२ किलो ओढायची वेळ येते. तिसरे गेले की खाली दोघं ढकलायला असतात, वर एक धरायला. मग चौथे काका, पाचवी दुसरी बाई, आणि शेवटी जिममधला दुसरा, तोच सगळ्यांचा पाया. त्याला खालून कुणी नाही. तो चार-पाच पावलं धावत येतो, एक पाय भिंतीवर कंबरेच्या उंचीवर मारतो आणि वर हात टाकतो. वरचा पोटावर आडवा पडून एक हात खाली सोडून असतो, आणि पलीकडचे त्याचे पाय धरतात. पकड हाताच्या पंजाची नाही, मनगटाला मनगट. दोघांनी एकमेकांचं मनगट धरलं तर एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते.

पलीकडे उतरताना उडी मारू नका. साडेपाच फुटी माणूस हात वर करून सुमारे ७ फूट होतो. म्हणजे ८ फुटी भिंतीला लोंबकळून मग हात सोडला तर पाय जेमतेम फूटभर खाली येतात. वरून थेट उडी मारली तर आठ फूट, तेही न दिसणाऱ्या चिखलात.

भिंतीइतकाच घोळ आरोळ्यांमुळे होतो, आणि याचा सराव कुणी करत नाही. गोंगाटात "ओढ" आणि "सोड" सारखेच ऐकू येतात, अर्थ मात्र नेमके उलटे. ओंडका उचललेला असताना मागच्यानं "ओढ" म्हटलं आणि पुढच्यानं "सोड" ऐकलं की ओंडका कुणाच्या तरी पायावर. "खेच" आणि "सोड" ठेवा. इंदूरच्या मराठीत "खेच" कुणाला परका वाटत नाही. "थांब" आणि "उचल" जोडीला. चार शब्द पुरे, आणि ते ओरडणारा एकच. तो सगळ्यांत ताकदवान नसावा, सगळ्यांत शांत असावा. काकांना हे काम द्या. दुसरं काम शेपटीचं: सगळ्यांच्या मागे चालणारा एक जण, जो कुणालाही आपल्या मागे राहू देत नाही. ते जिमवाल्या पहिल्याला द्या, म्हणजे त्याचं पुढे पळणंही बंद होईल. भिंतीपुरताच त्यानं पुढे यायचं.

ओंडका उंचीच्या क्रमानं लागून उचला. सगळ्यांच्या एकाच खांद्यावर घ्या, म्हणजे टाकायची वेळ आली तर सगळे एकाच बाजूला टाकून दुसऱ्या बाजूला सरकतात. दोन खांद्यांवर वाटला की मान अडकते. पाऊल "एक-दोन"च्या तालावर. दहीहंडीला थर लावताना जसा एकाच माणसाचा आवाज चालतो, तसंच.

दोर. मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्य खेळ म्हणून मान्यता दिली. ओळखीत कुणी दोरीचा मल्लखांब केलेलं असेल तर त्याला दोन रविवार पकडा. दोर हातानं नाही, पायानं चढायचा असतो हे तो दहा मिनिटांत पटवून देईल. फरक एवढाच की मल्लखांबात दोर अनवाणी अंगठा आणि शेजारच्या बोटात धरतात, तुमच्या पायात चिखलाचे बूट असणार. म्हणून असं करा: दोर उजव्या पायाच्या बाहेरून खाली सोडा. डाव्या बुटानं तो उजव्या तळव्याखालून आतल्या बाजूला उचलून घ्या आणि उजव्या बुटाच्या वर आणून डाव्या तळव्यानं घट्ट दाबा. आता त्या अडकवणीवर उभं राहता येतं. उभं राहा, हात वर सरकवा, गुडघे पोटाशी घ्या, पुन्हा अडकवा. चार-पाच वेळांत १२-१५ फूट होतात. हात कोपरात वाकवून लटकू नका. सरळ हातानं लटकलं तर दंड लवकर थकत नाहीत. उतरताना दोर हातातून घसरू द्यायचा नाही, तळवे सोलतात. हाताखाली हात घेत उतरा. चढायच्या आधी हात टीशर्टला पुसून उपयोग नाही, तो ओलाच असतो. कोरडं गवत किंवा मूठभर कोरडी माती मिळाली तर तळव्यात चोळा.

जाळीवर आडवी दोरी धरू नका, उभी धरा, म्हणजे वरच्याचा बूट तुमच्या बोटांवर येणार नाही. दोघांनी खालून जाळी ताणून धरली की बाकीचे जवळजवळ चालत जातात. काटेरी तारेखाली कोपरांवर आणि बुटाच्या आतल्या कडेवर सरपटायचं, ढुंगण खाली. जागा रुंद असेल तर आडवं लोळणं जास्त जलद, पण चक्कर येणाऱ्यानं लोळू नये.

पाण्यात उडी असेल तर इथे मात्र कडक व्हा. २०१३ साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात अशाच शर्यतीत उंच फळीवरून पाण्यात उडी घेतलेला एक जण बुडून गेला. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी हा अडथळा घ्यायचा नाही. दंड भरायचा, बाजूनं जायचं, टीमनं त्यावर अवाक्षर काढायचं नाही. बाकीच्यांनी पाय खाली ठेवून, खालचा माणूस कडेला लागल्यावरच. डोकं आधी कधीच नाही, कारण गढूळ पाण्याची खोली दिसत नाही. विजेच्या तारांचा अडथळा असला तर हृदयविकार, अपस्मार, पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं तो सोडून द्यायचा.

सराव आठवड्यातून तीन दिवस. पहिला दिवस पाय: नेहरू स्टेडियमच्या पायऱ्या किंवा रालामंडलची चढण, चाळीस मिनिटं. दुसरा हात: दांड्याला नुसतं लोंबकळणं, २० सेकंदांपासून आठव्या आठवड्यात मिनिटभरापर्यंत. पुलअप न जमणाऱ्यांनी स्टुलावरून वर जाऊन पाच सेकंदांत हळूहळू खाली यायचं, असं पाच वेळा. वजन उचलायला २० लिटरची पाण्याची कॅन पुरते. भरली की तीच २० किलो. ती कधी एका हातात, कधी खांद्यावर घेऊन शंभर मीटर. तिसरा दिवस रविवार, सगळे सहा एकत्र: ५ किलोमीटर, दर ५०० मीटरला दहा बर्पी किंवा वीस बैठका, आणि सगळे एकमेकांच्या नजरेत. सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं ज्या मैदानावर असतात तिथे गेलात तर ९ फुटी खड्डा आणि नागमोडी बॅलन्सची पट्टी फुकट मिळेल, आणि धडे देणारेही. भिंतीचा सराव दोन रविवार तरी ओल्या बुटांनी करा. शेवटचा आठवडा हलका. काकांनी रक्तदाब आणि साखर तपासून, गरज वाटल्यास ईसीजी काढून सुरुवात करावी. बाकीच्यांनाही लागू आहे, पण बाकीचे ऐकत नाहीत.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधीच घ्या.

आदल्या रात्री सराफ्यातलं रात्रीचं खाणं बंद. भुट्टे का कीस शर्यतीनंतरही असणार आहे. सकाळी दोन-अडीच तास आधी साधे पोहे, शेव कमी, तर्री नाही. जलेबी शर्यत संपल्यावर. सुरुवातीच्या दोन तास आधी ४००-५०० मिलिलिटर पाणी, वाटेत प्रत्येक ठिकाणी एक-दीड पेला. ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्या पाण्यातच घाला, मोठं असेल तर पूर्ण एक लिटर, घट्ट करू नका. लिंबू-मीठ-साखरेचं पाणीही चालतं. मात्र घरी "शिकंजी आण" असं सांगू नका, इंदुरात त्याचा अर्थ घट्ट दुधाची वाटी होतो.

सुरुवातीची वेळ निवडता येत असेल तर पहिल्या तुकड्यांतली घ्या. तिसऱ्या-चौथ्या तुकडीपर्यंत प्रत्येक अडथळ्यासमोरची जमीन लोण्यासारखी होते आणि भिंतीसमोर रांग लागते. गाडी पक्क्या रस्त्यावर लावा. काळ्या मातीत उतरवलेली गाडी संध्याकाळी ट्रॅक्टरनं निघते.

तोंड बंद ठेवा, हे अक्षरशः घ्या. २०१२ मध्ये नेवाडात गुरांच्या रानात झालेल्या अशा शर्यतीनंतर कँपिलोबॅक्टर जंतूनं २२ जण आजारी पडले, आणि गढूळ पाणी पोटात जाण्याशी त्याचा संबंध निघाला. आपल्या शेतात शेणखतही असतं, उंदीरही. डोळ्यात चिखल गेला तर चोळू नका; टीममध्ये एकाकडे अर्धा लिटर स्वच्छ पाण्याची दाबायची बाटली असू द्या. संपल्यावर खरचटलेल्या जागा वाहत्या पाण्यानं आणि साबणानं चांगल्या पाच मिनिटं धुवा, मगच मलम. दोन-पाच दिवसांत जुलाब, किंवा महिनाभराच्या आत ताप, पिंढऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना चिखलातल्या शर्यतीचं आधी सांगा. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना तुमच्या सांगण्यावरूनच येणार.

कपडे आणि बूट थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आणि सोसायटीच्या नळावर धुऊ नका. ही माती मोरीच्या पाइपात बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या शहरात शेजारी तर बोलतीलच. बूट उन्हात नाही, सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळलेली काळी माती आपटली की ढेकळांनी निघते, ओली घासली तर जाळीत जाते आणि मग निघत नाही. उरलेलं बादलीभर थंड पाण्यात भिजवा, ते पाणी कुंड्यांना घाला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, आणि ते दर दोन-तीन तासांनी बदला.